‘मोती खरे आहेत का?’ हे विचारण्याआधी

मोत्यांची माळ हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: खरे आहेत का? प्रश्न साहजिक आहे, पण मोत्यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. शिंपल्यात आपोआप तयार झालेला मोती खरा. माणसाने बीज घालून शिंपल्यात वाढवलेला मोतीही खराच. आणि तोच मोती नंतर रंगवला, उजळवला, तरी तो खराच राहतो. या तिघांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. ‘शंभर टक्के खरे’ एवढंच सांगणारा विक्रेता खोटं बोलत नसतो, पण तुमच्या उपयोगाचंही काही सांगत नसतो.

नवख्या माणसाने त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. मोती जन्मला कसा? कोणत्या शिंपल्यात? बाहेर काढल्यावर त्याच्यावर काय काय केलं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की डोळ्यांनी पारख सुरू करायची. घेणाऱ्यालाही हाच क्रम आणि विकणाऱ्यालाही हाच.

पहिली पायरी: जन्म कसा झाला?

वाळूचा कण शिंपल्यात शिरतो आणि त्याचा मोती होतो, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. प्रत्यक्षात शिंपल्यातला जीव वाळूच्या कणांना सहज बाहेर टाकतो. मोती तयार होतो तो बहुतेक वेळा त्याच्या मांसल आवरणाला, म्हणजे प्रावाराला, इजा झाल्यामुळे किंवा एखादा परजीवी आत घुसल्यामुळे. प्रावाराच्या पेशी आत ढकलल्या जातात, त्यांची एक पिशवी तयार होते आणि त्या पिशवीत थरावर थर चढत जातात. हा थर म्हणजे नेकर. कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ पापुद्र्यांची ती रचना असते आणि पापुद्र्यांना धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ मध्ये असतो. एकेका पापुद्र्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते, म्हणून मोत्याच्या पृष्ठभागावर इंद्रधनुष्याची पुसट झाक खेळते.

हे सगळं माणसाचा हात न लागता घडलं, तर मोती नैसर्गिक. अशा मोत्यांचं सर्वांत नावाजलेलं क्षेत्र म्हणजे इराणचं आखात, विशेषतः बहारीनचा परिसर. तिथला माल बसरा बंदराच्या व्यापारातून जगभर जायचा, म्हणून ‘बसरा मोती’ हे नाव रूढ झालं. भारत आणि श्रीलंका यांच्यामधलं मन्नारचं आखात हेही प्राचीन क्षेत्र.

पेशींचं काम माणसाने सुरू करून दिलं, तर मोती संवर्धित. बाजारात त्याला ‘कल्चर’ म्हणतात. समुद्री शिंपल्यात शिंपल्याच्याच कवचापासून घडवलेला गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा छोटा तुकडा एकत्र ठेवतात. हे मणी परंपरेने अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांपासून करतात. त्या मण्यावर नेकर चढतो. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती तयार करून दाखवले. पूर्ण गोल मोत्यांचं तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमलं आणि १९२०च्या दशकात हे मोती युरोपच्या बाजारात आले तेव्हा मोठी खळबळ उडाली.

ती खळबळ का उडाली, हे एका सौद्यावरून कळतं. १९१७ मध्ये कार्टिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली विकत घेतली ती १०० डॉलर रोख आणि दोन पदरी नैसर्गिक मोत्यांची माळ देऊन. माळेची किंमत तेव्हा १० लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये तीच माळ लिलावात निघाली तेव्हा तिला दोन लाख डॉलरही आले नाहीत. मोत्यांत काही बिघाड झाला नव्हता. मधल्या चाळीस वर्षांत संवर्धित मोत्यांनी बाजार भरून टाकला होता. पुढे काळ पुन्हा फिरला. २०१८ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं मोती आणि हिऱ्यांचं पदक ३ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गेलं. त्यात मोत्याच्या गुणाइतकाच त्याच्या इतिहासाचा वाटा होता. मोत्याची किंमत काळाप्रमाणे आणि कागदांप्रमाणे किती हलते, ते या दोन सौद्यांत दिसतं.

तिसरी जात नकलेची. काचेचा, प्लॅस्टिकचा किंवा शिंपल्याच्या चुऱ्याचा मणी आणि त्यावर चकचकीत लेप. माशांच्या खवल्यांपासून काढलेल्या चमकदार लेपाची युक्ती फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून वापरात आहे. ‘शेल पर्ल’ किंवा ‘मायोर्का’ अशा नावांनी विकले जातात ते मोती याच गटातले. ते दिसायला छान असतात आणि नक्कल म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. पण नावात ‘पर्ल’ आहे म्हणून मोत्याचे पैसे मोजू नका.

दुसरी पायरी: शिंपला कोणता?

आज दुकानात दिसणारे जवळजवळ सगळे मोती संवर्धित असतात आणि त्यांच्या चार मुख्य जाती आहेत.

गोड्या पाण्याचे मोती मुख्यतः चीनमधून येतात. समुद्री शिंपल्यात एका वेळी एक-दोन मणी बसवतात. गोड्या पाण्याच्या एका शिंपल्यात मात्र तीस-चाळीस मोती एकाच वेळी वाढू शकतात, म्हणून ते स्वस्त. यांच्यात सहसा मणी घालत नाहीत, फक्त प्रावाराचा तुकडा घालतात, त्यामुळे मोती जवळजवळ आतपर्यंत नेकरचाच असतो. गोड्या पाण्याचा मोती म्हणजे हलका माल, ही समजूत मला अन्यायाची वाटते. तांदळाच्या दाण्यासारखे वेडेवाकडे मोती हा त्याचा जुना चेहरा आहे. आता गोल, तेजस्वी, पांढरे-गुलाबी-जांभळट मोतीही त्यातून निघतात. रोज घालायचे असतील तर त्यांचा जाड नेकर चांगला टिकतो.

अकोया ही गोल, पांढऱ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या मोत्यांची जात. जपान हे तिचं मूळ घर. आकार बहुतेक करून ६ ते ८ मिलिमीटर, ९च्या पुढचे दुर्मीळ. यांचा नेकर पातळ असतो आणि पारखीची खरी गोम तिथेच आहे. एक हिशेब बघा. ८ मिलिमीटरच्या मोत्यावर सगळीकडून ०.४ मिलिमीटर नेकर असेल, तर आतला मणी ७.२ मिलिमीटरचा. म्हणजे आकारमानाने सुमारे ७३ टक्के मणी आणि २७ टक्के नेकर. नेकर ०.२ मिलिमीटरच असेल, तर त्याचा वाटा १५ टक्क्यांच्या खाली जातो. दोन्ही मोती बाहेरून ८ मिलिमीटरचेच दिसतात. पण दुसऱ्याचं पाणी, म्हणजे चमक, काही वर्षांच्या वापरात उतरण्याची, वेजाजवळ, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाजवळ, पापुद्रा सुटण्याची भीती जास्त.

ताहिती मोती फ्रेंच पॉलिनेशियातल्या काळ्या कडेच्या शिंपल्यात होतात. आकार साधारण ८ ते १४ मिलिमीटर. त्यांना काळे म्हणतात खरं, पण निव्वळ काळा मोती क्वचितच असतो. राखाडी, हिरवट, वांगी रंगाची झाक आणि सर्वांत जास्त मागणी असलेली मोरपंखी झाक, असं त्यांचं रूप असतं. हा रंग मुळातून, शिंपल्याकडूनच येतो.

साउथ सी मोती सर्वांत मोठे, साधारण ९ ते १६ मिलिमीटर, कधी त्याहून मोठे. ऑस्ट्रेलियातले पांढरे-रुपेरी, फिलिपीन्स आणि इंडोनेशियातले सोनेरी प्रसिद्ध आहेत. यांचा नेकर अकोयाच्या कितीतरी पट जाड असतो आणि चमक आरशासारखी नसून रेशमासारखी मऊ असते. अकोयाशी त्यांची चमक ताडून ‘हे मंद आहेत’ असं ठरवू नका. प्रत्येक जातीची तुलना तिच्याच जातीशी करायची.

याशिवाय काही नावं कानावर पडतील. केशी म्हणजे संवर्धनात मण्याशिवाय आपोआप तयार झालेला, सहसा वेड्यावाकड्या आकाराचा मोती. माबे म्हणजे कवचाला चिकटून वाढलेला अर्धा मोती. तो कापून, पोकळी भरून, मागे तळ लावतात, म्हणून त्याला पूर्ण मोत्याचा भाव नाही आणि पाणीही लागू द्यायचं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या मोठ्या शंखात सापडणारा गुलाबी काँक मोती नेकरचा नसतोच. त्याच्यावर ज्वाळांसारखी नक्षी दिसते, तो फार दुर्मीळ असतो आणि त्याचा बाजारही वेगळा.

तिसरी पायरी: पाणी बघा

मोत्याची चमक सांगायला मराठीत ‘पाणी’ हा शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. जगभरच्या परीक्षणात सात गुण बघतात: आकारमान, घाट, रंग, चमक, पृष्ठभाग, नेकर आणि जुळणी. माझ्या मते नवख्याने पहिली नजर पाण्यावरच टाकावी, कारण पाणी नसेल तर बाकीचे सहा गुण मोत्याला सावरत नाहीत.

पाणी बघायचं कसं? दुकानातल्या पिवळ्या झोताखाली नाही. तिथे सगळंच चमकतं. माळ खिडकीजवळ न्या, दिवसाच्या शांत उजेडात, साध्या पांढऱ्या किंवा राखाडी कापडावर ठेवा. उन्हात नको. आता मोत्यात खिडकीचं प्रतिबिंब शोधा. चौकटीच्या कडा स्पष्ट दिसल्या, तर पाणी उत्तम. कडा पुसट पण ओळखू येतील अशा, तर मध्यम. प्रतिबिंब दिसतच नाही आणि मोती खडूसारखा पांढरा वाटतो, तर माळ खाली ठेवा, मोती कितीही टपोरे असोत. एकट्या माळेवरून अंदाज चुकतो. त्याच जातीच्या, वेगवेगळ्या किमतीच्या तीन माळा शेजारी ठेवायला सांगा. दोन मिनिटांत डोळा तयार होतो. ही एकच सवय लावून घेतली तरी पुष्कळ चुका टळतात.

पातळ नेकर पकडण्याचीही युक्ती आहे. मोती दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवा. आतल्या मण्याचे पट्टे दिसले, किंवा फिरवताना मोती एकदा उजळ, एकदा अंधुक असा मिचकावल्यासारखा वाटला, तर नेकर पातळ आहे.

माळ सपाट टेबलावर लोटा. गोल मोती सरळ घरंगळतात, बेगोल मोती डुलतात. पूर्ण गोल सर्वांत महाग, मग थेंबासारखे सममित घाट, मग बाकीचे. वेडावाकडा, म्हणजे बरोक घाट, कमी किमतीत उत्तम पाणी मिळवण्याचा चांगला मार्ग आहे. पृष्ठभागावरचे खड्डे आणि वळ्या सगळ्या बाजूंनी बघा. बारीक खुणा बहुतेक सगळ्या मोत्यांवर असतात आणि वेजाशेजारची खूण सहज झाकली जाते. तडा मात्र चालवून घेऊ नका.

आकाराने किंमत वाढते, पण सरळ रेषेत नाही. जातीच्या वरच्या मर्यादेजवळ अर्ध्या मिलिमीटरनेही मोठी उडी बसते. जुळणी हा न दिसणारा खर्च. एका माळेत पन्नासच्या आसपास मोती लागतात आणि ते एका रंगाचे, एका पाण्याचे मिळावेत म्हणून हजारो मोती निवडावे लागतात. रंग शेवटी बघा. तिथे बाजाराच्या आवडीपेक्षा तुमच्या अंगावर काय खुलतं, ते महत्त्वाचं.

एक इशारा. ‘एए’, ‘एएए’ अशा श्रेणी सगळीकडे एकसारख्या नाहीत. प्रत्येक विक्रेता त्या आपल्या मापाने देतो. श्रेणी विचारू नका, जात, मिलिमीटरमधलं माप, घाट आणि केलेले उपचार विचारा.

चौथी पायरी: नक्कल आणि उपचार

मोती दातांच्या कडेवर हळूच घासला तर अस्सल मोती किंचित खरखरीत लागतो आणि नक्कल गुळगुळीत. ही चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण तिची मर्यादा कमी जणांना ठाऊक असते. नैसर्गिक आणि संवर्धित दोन्ही खरखरीतच लागतात. हा फरक दाताने कळत नाही. त्याहून दहापट भिंग चांगलं. अस्सल मोत्यावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेषा दिसतात, नकलेवर लेपाचे कण. वेजाच्या कडेला बघा: लेपाचे पापुद्रे निघालेले दिसले तर नक्कल. मणी आणि नेकर यांच्यामधली रेघ दिसली तर मणी घालून वाढवलेला. रंग वेजाजवळ किंवा खड्ड्यांत गडद साचलेला असेल तर रंगवलेला.

अकोया आणि गोड्या पाण्याचे पांढरे मोती बहुतेक वेळा उजळवलेले असतात. बाजार ते स्वीकारतो. स्वस्तातले काळे मोती सहसा रंगवलेले किंवा किरणोत्सर्ग देऊन गडद केलेले अकोया किंवा गोड्या पाण्याचे असतात, आणि गडद सोनेरी रंगातही रंगकाम पुष्कळ. ‘नैसर्गिक रंग’ म्हणून जास्त पैसे मागत असतील, तर ते शब्द बिलावर लिहून घ्या. शब्द ऐकतानाही सावध राहा, ‘नैसर्गिक रंगाचा मोती’ आणि ‘नैसर्गिक मोती’ या दोन निराळ्या वस्तू आहेत. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक नियमांनुसार संवर्धित मोत्याला नुसतं ‘मोती’ म्हणून विकता येत नाही, ‘संवर्धित’ हा शब्द लावावा लागतो. तुमच्या बिलावरही तो शब्द, जात आणि माप असायलाच हवं.

नैसर्गिक की संवर्धित, हा निकाल प्रयोगशाळेचा. क्ष-किरण चित्रात मणी असेल तर त्याची सीमा दिसते, नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखी वर्तुळं दिसू शकतात. बिनमण्याचे मोती अवघड, त्यांच्यासाठी संगणकीय क्ष-किरण टोमोग्राफी (सीटी स्कॅन) लागते. अमेरिकेतली जीआयए, स्वित्झर्लंडमधल्या एसएसईएफ आणि ग्युबेलिन, बहारीनमधली दानात या संस्था हे काम करतात. नैसर्गिक म्हणून किंमत मागणाऱ्याकडे असा अहवाल नसेल, तर तो संवर्धित मोती आहे असं धरूनच बोला. भारी व्यवहारात ‘अहवालाच्या अटीवर’ सौदा करायला संकोच नको.

विकायचे असतील तर

सर्वांत आधी: काहीही करू नका. घासू नका, पॉलिश करू नका, माळ तोडू नका. मोती मऊ असतो, काठिण्य मोह्सच्या १ ते १० या श्रेणीवर २.५ ते ४.५, आणि आम्लाने त्याचा थर विरघळतो. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, सोडा, दागिने धुण्याचं अल्ट्रासोनिक यंत्र, यातलं काहीच नको. ओलसर मऊ कापडाने पुसणं पुरेसं. जुनी माळ मधोमध मोठे आणि कडेला लहान अशी चढत्या-उतरत्या मापाची असेल, मोती किंचित असमान असतील, वेज फार बारीक असतील, तर ते नैसर्गिक असण्याची शक्यता तपासण्यासारखी आहे. पूर्वी नैसर्गिक मोत्यांचं वजन वाया जाऊ नये म्हणून वेज बारीक पाडत. शंका असेल तर अहवाल आधी, भाव नंतर.

वजनाने किती फरक पडतो ते समजून घ्या. नैसर्गिक मोत्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजण्याची रीत आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०५ ग्रॅम, चार ग्रेनचा एक कॅरट. जुन्या पद्धतीत किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात: ग्रेनचा वर्ग करायचा आणि गुणवत्तेप्रमाणे ठरलेल्या दराने गुणायचा. दर एकच धरला तर ८ ग्रेनच्या एका मोत्याचे ६४ भाग, पण ४ ग्रेनच्या दोन मोत्यांचे मिळून ३२च. म्हणून माळेचं एकूण वजन सांगून सौदा करू नका, मोठे मोती वेगळे मोजून घ्या. संवर्धित मोत्यांच्या घाऊक व्यापारात मोम्मे हे जपानी वजन चालतं, ३.७५ ग्रॅमचं.

जुळलेली जोडी किंवा संच फोडू नका, सुट्या मोत्यांच्या बेरजेपेक्षा त्याला जास्त भाव असतो. विम्यासाठी काढलेलं मूल्यांकन म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. ते नवीन वस्तू दुकानातून घ्यायला काय लागेल, हे सांगतं. साध्या संवर्धित माळेला पुनर्विक्रीत त्यापेक्षा खूपच कमी मिळतं. हे आधीच माहीत असलं की पहिला देकार ऐकून धक्का बसत नाही, आणि देकार फारच कमी असेल तर तेही ओळखता येतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन जाणकारांकडे जा. मूल्यांकन करणाराच विकत घ्यायला उत्सुक असेल, तर त्याचा आकडा एकटा धरू नका. नैसर्गिक मोती किंवा नामांकित पेढीची जुनी सही असलेला दागिना असेल, तर लिलावगृहाचा विचार करा आणि त्यांचं कमिशन आधी विचारा. जुनी बिलं, पेटी, दागिना घातलेले फोटो सगळं जपून ठेवा.

मोती कुणाच्या हाती देताना माळेची लांबी, मोत्यांची संख्या, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मोत्याचं माप, एकूण वजन हे पावतीवर लिहून घ्या. फासा, म्हणजे माळ अडकवायची कळ, जवळून टिपून फोटो काढा. फाशावरच्या खुणा बऱ्याचदा माळेचा काळ सांगतात. पण फासा बदललेला असू शकतो, तेव्हा तेवढ्यावरून मोत्यांचं वय ठरवू नका. रेशमी दोरा मळका किंवा सैल असेल तरी विक्रीआधी नव्याने ओवून घेण्याची घाई नको. जाणकाराला वेजाच्या कडा बघायच्या असतात आणि सैल दोऱ्यावर त्या सहज दिसतात.